शेवाळ कुजून जातं, मग चुनखडक उरतो कसा?

भूगोल शिकवणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: "चुनखडक शंख-शिंपले आणि प्रवाळांपासून होतो असं आपण मुलांना सांगतो. पण जगातल्या चुनखडकात शैवालाचा वाटा फार मोठा आहे असं एका व्याख्यानात ऐकलं. शेवाळ तर पाण्याबाहेर काढलं की चार दिवसांत कुजतं, त्याचा दगड कसा होईल? आमच्या घरच्या शहाबादी फरशीत ते दिसेल का? आणि शैवाल वाढवून हवेतला कार्बन असा दगडात कोंडता येईल का?"

तिन्ही शंका रास्त आहेत. पहिली मात्र जरा फिरवून विचारायला हवी. शेवाळाचा दगड होत नाही. त्याचा देह कुजतो, किडे खातात, जीवाणू फस्त करतात. उरतो तो त्याने अंगात, अंगावर किंवा आजूबाजूच्या पाण्यात घडवून आणलेला चुना. म्हणून कुठलाही चुनखडक हातात आला की आम्ही तीन गोष्टी बघतो: पाण्यात विरघळलेला चुना घनरूपात बाहेर कोणी काढला, बाहेर आलेला कण परत विरघळला कसा नाही, आणि सुटे कण एकमेकांना धरून कसे बसले. या तिन्हींत शैवालाचा हात असू शकतो, एखाद्यातच असू शकतो किंवा मुळीच नसू शकतो. खडकाचं वय काय, पाणी गोडं की खारं, खोली किती, नदीचा गाळ किती येत होता, यावर ते ठरतं.

एक खुलासा आधीच करतो. जुन्या पुस्तकांत 'निळं-हिरवं शैवाल' म्हणतात ते खरं तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जीवाणू. चुनखडकाच्या गोष्टीतला बहुतेक काळ त्यांचाच आहे, म्हणून त्यांना इथे वगळत नाही.

आता रसायन. समुद्राच्या पाण्यात कॅल्शिअम भरपूर असतं, लिटरमागे सुमारे ०.४ ग्रॅम. विरघळलेला कार्बन मात्र बहुतांशी, ९० टक्क्यांच्या आसपास, बायकार्बोनेटच्या रूपात असतो. एका कॅल्शिअमशी दोन बायकार्बोनेट जुळले की एक कॅल्शिअम कार्बोनेट तळाला बसतं, आणि एक पाण्याचा व एक कार्बन डायऑक्साइडचा रेणू सुटा होतो. सुटा झालेला कार्बन डायऑक्साइड कोणी उचलून नेला तर ही अभिक्रिया पुढे सरकते, साचून राहिला तर मागे फिरते. प्रकाशसंश्लेषणात नेमकं हेच उचलणं चालतं. शैवाल कार्बन डायऑक्साइड शोषतं, पाण्याचा सामू चढतो, कार्बोनेटचं प्रमाण वाढतं आणि चुना पडायला अनुकूल स्थिती होते.

इथे बरीच पुस्तकं थांबतात, आणि गैरसमज इथेच सुरू होतो. प्रकाशसंश्लेषण पुरेसं असतं तर कोकणच्या खडकांवर वाढणाऱ्या उल्वा या शैवालाच्या हिरव्यागार पात्यांवरही चुन्याचा थर धरला असता. तो धरत नाही. कॅल्साइट आणि ॲरागोनाइट ही कॅल्शिअम कार्बोनेटच्याच स्फटिकांची दोन रूपं. उष्ण समुद्राचं वरचं पाणी कॅल्साइटच्या बाबतीत पाच-सहा पट आणि ॲरागोनाइटच्या बाबतीत तीन-चार पट अतिसंपृक्त असतं, तरीही आपसूक चुना पडत नाही. घट्ट पाक न हलवता ठेवला तर साखरत नाही, तशी ही अवस्था असते. पाण्यातलं मॅग्नेशिअम, फॉस्फेट आणि सेंद्रिय रेणू स्फटिकाच्या कोवळ्या बीजावर चिकटून त्याची वाढ अडवतात. त्यात उल्वाचं पातं दोन्ही बाजूंनी वाहत्या पाण्याला उघडं. त्याने पृष्ठभागाशी सामू वाढवला तरी पुढच्या लाटेसरशी तो पूर्ववत होतो. म्हणजे चुना साठवायला कार्बन डायऑक्साइड ओढणं तर हवंच, शिवाय बाहेरच्या पाण्यापासून जरा तुटलेला कोपराही हवा.

हा कोपरा कसा तयार होतो ते हॅलिमिडा या हिरव्या शैवालात फार छान दिसतं. लक्षद्वीपच्या खाजणांत ते वाढतं. चपटी कांडी एकापुढे एक जोडलेली असतात, प्रत्येक साधारण अर्ध्या ते दीड सेंटिमीटरचं. आतून प्रत्येक कांडं म्हणजे बारीक नळ्यांचं जाळं. मधल्या नळ्या लांबट, आणि पृष्ठभागाकडे त्यांना फुगीर टोकं येतात. नवं कांडं रात्रीतून फुटतं तेव्हा ही टोकं सुटी असतात आणि कांडं मऊ, चुन्याविना असतं. साधारण दीड दिवसात टोकं एकमेकांना चिकटून बाहेरची कातडी बंद होते, आणि नळ्यांमधल्या फटींतलं पाणी समुद्रापासून तुटतं. आता प्रकाशसंश्लेषणाने या कोंडलेल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपत गेला की सामू चढतो आणि तिथे ॲरागोनाइटच्या काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या सुया धरू लागतात. जून कांड्याच्या वाळलेल्या वजनात चुना निम्म्याहून जास्त असतो, काही जातींत ८० ते ९० टक्के. प्रजननाच्या वेळी पेशींतला सगळा ऐवज एका रात्रीत बाहेरच्या बीजकोशांत जातो, सकाळी तो पाण्यात सुटतो, आणि मागे पांढरा सांगाडा उरतो. थोड्याच काळात कांडी सुटी होऊन वाळूत मिसळतात. कुजण्यासारखं जे होतं ते गेलं, पण चुन्याची चकती राहिली.

किती चुना? ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या हॅलिमिडाच्या कुरणांत चौरस मीटरला वर्षाकाठी सुमारे २ किलो कॅल्शिअम कार्बोनेट मोजलं गेलंय. चुन्याची घनता घनमीटरला २,७०० किलो धरली तर २ किलो म्हणजे भरीव पाऊण मिलिमीटर. सैल कांड्यांत ६० टक्के पोकळी धरा, म्हणजे वर्षाला सुमारे २ मिलिमीटर आणि हजार वर्षांत २ मीटर. याच रीफच्या उत्तर भागात हॅलिमिडाचे २० मीटरपर्यंत जाडीचे ढीग आहेत आणि ते गेल्या दहाएक हजार वर्षांतले आहेत. हिशेब जुळतो. मुलांना हा गुणाकार फळ्यावर जरूर करून दाखवा. 'लाखो वर्षांत हळूहळू' हे पाठ झालेलं वाक्य सगळीकडे खरं नसतं हे त्यातून कळतं.

असेच हॅलिमिडाचे ढीग आपल्याकडेही आहेत, पण पाण्याखाली. मुंबई आणि सौराष्ट्रासमोर समुद्रबूड जमिनीच्या बाहेरच्या कडेला कार्बोनेटचा एक मोठा मंच आहे. हिमयुग सरताना समुद्रपातळी आजच्याहून बरीच खाली होती, तेव्हा तिथे उथळ, स्वच्छ पाणी होतं. नर्मदा-तापीचा गाळ किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात बसतो, बाहेरपर्यंत फारसा पोचत नाही, म्हणून ते ढीग अजून गाडले गेलेले नाहीत. आणि याच गाळामुळे आज कोकण किनाऱ्याला असा मंच तयार होत नाही: पाणी गढूळ, तळाला उजेड नाही, आणि थोडाफार चुना पडलाच तर मातीत हरवतो.

हॅलिमिडाची कांडी निदान डोळ्यांना दिसतात. पेनिसिलस नावाच्या त्याच्या नातेवाइकाची गोष्ट जास्त अडचणीची आहे. त्याच्याही अंगात ॲरागोनाइटच्या सुया असतात, पण मेल्यावर तो पुरता विस्कटतो आणि उरतो निव्वळ पांढरा चिखल. १९६७ मध्ये स्टॉकमन, गिन्सबर्ग आणि शिन यांनी फ्लोरिडाजवळच्या उथळ समुद्रात पेनिसिलसची झाडं मोजून, वर्षाला किती पिढ्या होतात ते बघून हिशेब मांडला. तिथल्या प्रवाळभित्तीच्या आतल्या पट्ट्यातला सगळा बारीक ॲरागोनाइट चिखल एकट्या पेनिसिलसमधून येऊ शकतो, आणि फ्लोरिडा बेच्या ईशान्य भागातला एक तृतीयांश, असं त्यातून निघालं. मुद्दा असा की त्या चिखलाचा खडक झाल्यावर त्यात झाडाची एकही खूण राहत नाही. शहाबादीकडे वळू तेव्हा हे लक्षात असू द्या.

लाल शैवालातली कोरलाइन मंडळी वेगळ्या पद्धतीने काम करतात. त्यांचा चुना पेशींच्या भिंतीतच बसतो, तोही मॅग्नेशिअमयुक्त कॅल्साइटच्या रूपात. मालवण, रत्नागिरीच्या किंवा गोव्यात हणजुणेच्या (अंजुना) खडकांवर ओहोटीला डबक्यांत गुलाबी, खरखरीत कवच दिसतं, ते हेच. खरवडायला जाऊ नका. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि ते कवच वाढतंही फार सावकाश. प्रवाळभित्तीत यांचं काम गवंड्याचं. मोडके प्रवाळ, शिंपले, वाळू यांवर कवच चढवून ते सगळं जखडून टाकतात. लाटा सर्वांत जोरात आदळतात त्या कडेला प्रवाळांपेक्षा कोरलाइन शैवालच जास्त तग धरतं. प्रवाळांचा चुनाही पुरता त्यांचा एकट्याचा नसतो. त्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, आणि त्याच्या प्रकाशसंश्लेषणामुळे प्रवाळाची चुना घालण्याची गती दिवसा वाढते. तेव्हा पाठ्यपुस्तकातलं वाक्य चूक नाही, अर्धवट आहे.

खुल्या समुद्रात कोकोलिथोफोर हे तरंगतं एकपेशीय शैवाल. पेशीभोवती कॅल्साइटच्या नक्षीदार चकत्या असतात, बहुतेक २ ते २० मायक्रॉनच्या. इतकी हलकी चकती सुटी बुडायला फार वेळ लागेल आणि वाटेतच विरघळायची भीती. प्रत्यक्षात तिला सूक्ष्म प्राणी खातात, आणि त्यांच्या विष्ठेच्या गोळ्यांतून शेकडो चकत्या एकदम तळाला जातात. तळ चार-पाच किलोमीटरहून खोल असेल तर मात्र तिथल्या थंड, दाबाखालच्या पाण्यात त्या विरघळून जातात. इंग्लंडमध्ये डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांचा खडू मुख्यत्वे याच चकत्यांचा आहे. तो क्रिटेशसच्या उत्तरार्धात, साधारण १० ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, हजार वर्षांत काही सेंटिमीटर या गतीने साचला. त्या काळी समुद्रात मॅग्नेशिअमचं कॅल्शिअमशी प्रमाण १ च्या आसपास होतं, आज ते ५ आहे. मॅग्नेशिअम कमी म्हणजे कॅल्साइट घडवणाऱ्यांची चलती. कोकोलिथोफोरांना तो काळ मानवला. जाता जाता: वर्गातला खडू दाखवून मुलांना हे सांगू नका. आपल्याकडचे खडू बहुधा जिप्समचे असतात. आम्ल टाकून फसफसला नाही तर तो खडकाचा खडू नव्हे.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर शैवाल स्वतःच्या अंगात चुना घडवतं, दुसऱ्यांचा चुना जखडतं, आणि सहवासातून दुसऱ्याचं काम वाढवतं. पण ही सगळी अंगात चुना घालणारी शैवालं गेल्या साधारण ५४ कोटी वर्षांतली. चुनखडक त्याहून कितीतरी जुने आहेत, आणि तिथे स्ट्रोमॅटोलाइट येतात.

स्ट्रोमॅटोलाइट म्हणजे सायनोबॅक्टेरिया आणि इतर सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांनी एकावर एक रचलेले चुन्याचे पापुद्रे, बहुधा घुमटाकार किंवा स्तंभासारखे. सर्वांत जुने साडेतीन अब्ज वर्षांच्या आसपासचे आहेत. आजचं प्रसिद्ध ठिकाण म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातलं शार्क बेमधलं हॅमेलिन पूल. तिथलं पाणी समुद्राच्या दुप्पट खारट, त्यामुळे थर खरवडून खाणाऱ्या गोगलगाई वगैरे कमी. घुमट वर्षाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वाढतात.

ते घडतात कसे, यात एक उलटं वळण आहे. सूक्ष्मजीव अंगाभोवती चिकट द्रव सोडतात. वाहत येणारे कण त्यात अडकतात, उजेडासाठी जीव वर सरकतात, नवा थर धरतात. एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. पण त्या चिकट द्रवातले ऋणभारित गट कॅल्शिअमला धरून ठेवतात, म्हणजे ताजा थर सुरुवातीला चुना पडू देत नाही! प्रकाशसंश्लेषण वर चालू असतं, सामू चढलेला असतो, तरी कॅल्शिअम मोकळं नसतं. खाली अंधारात, प्राणवायू संपलेल्या भागात, सल्फेटवर जगणारे जीवाणू तो चिकट द्रव खाऊ लागतात तेव्हा धरलेलं कॅल्शिअम सुटतं, बायकार्बोनेटही वाढतं, आणि पापुद्रा दगडी होतो. म्हणजे कुजण्याने चुन्याचा थर मोडत नाही, कुजण्यामुळेच तो घट्ट होतो. तुमच्या मूळ शंकेचं सर्वांत सरळ उत्तर हेच.

भारतात हे बघायला राजस्थानात चित्तोडगडजवळ भोजुंदा आणि उदयपूरजवळ झामरकोटडा ही राष्ट्रीय भूवारसा स्थळं आहेत. महाराष्ट्राच्या सीमेला जवळ म्हणाल तर कर्नाटकात बागलकोटकडच्या कलादगी खडकांतही स्ट्रोमॅटोलाइट आहेत. झामरकोटड्याला गेलात तर एक ध्यानात ठेवा: तिथले घुमट फॉस्फेटचे आहेत, म्हणून तर तिथे खताच्या खडकाची खाण आहे. घुमटाकार पापुद्रे म्हणजे चुनखडकच असं समीकरण नाही.

कण तयार झाले, आता त्यांचा दगड. ताज्या चुन्याच्या चिखलात ७० टक्क्यांपर्यंत पोकळी पाण्याने भरलेली असते, वाळूत ४०-५० टक्के. पक्क्या चुनखडकात ती बहुधा काही टक्क्यांवर येते. पोकळी भरायला लागणारा चुना बराचसा त्याच थरातून येतो. ॲरागोनाइट अस्थिर असतं. समुद्र मागे हटून थरात पावसाचं पाणी शिरलं की हॅलिमिडाची कांडी, शिंपल्यांचे तुकडे विरघळतात, आणि तोच चुना शेजारी कॅल्साइटच्या रूपात कणांना सांधतो. पुढे शेकडो मीटर थर वर चढले की कण एकमेकांना टेकतात तिथे दाबाने विरघळतात. पॉलिश केलेल्या चुनखडकात करवतीच्या दात्यांसारख्या काळसर रेघा दिसतात त्या याच्याच. विरघळणं जास्त आणि सांधणं कमी झालं तर पोकळ्या राहतात. १९७४ मध्ये तेल सापडलेल्या मुंबई हायच्या मायोसीन काळातल्या (साधारण २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडकात तेल साठलंय ते बरंचसं अशाच पोकळ्यांत.

आणि हो, शैवाल चुना खातंही. काही सूक्ष्म शैवाल आणि सायनोबॅक्टेरिया शिंपल्याच्या कणात ५-१५ मायक्रॉन रुंदीची भोकं पाडून राहतात. ते मेले की भोकांत बारीक चुना भरतो. हे वारंवार होऊन कणाभोवती गडद, बारीक चुन्याचं आवरण तयार होतं. पुढे आतला ॲरागोनाइटचा शिंपला विरघळून गेला तरी आवरण तसंच उभं राहतं, आणि कोट्यवधी वर्षांनी त्या आवरणावरूनच तिथे शिंपला होता हे कळतं. शिवाय ही भोकं उजेडात राहणाऱ्या शैवालाची असतील तर तिथे पाणी उथळ होतं, हेही.

गोड्या पाण्यातली गोष्ट थोडक्यात. कारा हे शैवाल कॅल्शिअम असलेल्या पाण्यात देठांवर चुन्याची पुटं चढवतं, हाताला खरखरीत लागतं. त्याच्या बीजाभोवती पाच पेशी डावीकडे पीळ घालून बसतात, त्यावर चुना चढून मिलिमीटरभराचं पीळदार फळ तयार होतं. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या तळ्यांच्या गाळात, नागपूर-छिंदवाडा भागात, अशी फळं सापडतात. त्यावरून आम्ही खात्रीने म्हणतो की तिथे उथळ, स्वच्छ, गोडं किंवा मचूळ पाणी होतं. याउलट लोणार. सामू १० च्या घरात, कार्बोनेट मुबलक, सूक्ष्म शैवाल रग्गड, तरी चुनखडकाचे जाड थर नाहीत. कारण पाण्यात सोडिअम उदंड आणि कॅल्शिअम जेमतेम. जे थोडं येतं ते लगेच बसून संपतं. शेतातले चुनखडीचे खडे मात्र यात मोजू नका. ते मातीत, पाणी वर चढून सुकण्यातून होतात.

आता तुमची फरशी. शहाबादी येते कलबुर्गी जिल्ह्यातल्या भीमा खोऱ्याच्या खडकांतून, जे कवचधारी प्राण्यांच्याही आधीच्या काळातले आहेत. त्यामुळे शिंपला, प्रवाळ, हॅलिमिडा यांतलं काहीच त्यात मिळणार नाही. खडक मुख्यत्वे ४ मायक्रॉनहून बारीक चुन्याच्या कणांचा आहे, आणि पातळ मातकट पदरांमुळे त्याच्या सरळ फरश्या निघतात. हा बारीक चुना सायनोबॅक्टेरियांनी पाण्याचा सामू चढवल्यामुळे पडला, की त्या काळच्या जास्त अतिसंपृक्त समुद्रात तसाच पडला, हे नुसत्या तुकड्यावरून ठरत नाही. पेनिसिलसच्या चिखलाची अडचण इथेही तीच. फरशीवर काळी, फांद्या फुटलेली नक्षी दिसली तर ती शैवालाची समजू नका. मॅंगनीजयुक्त पाणी फटीत शिरून सुकलं की तशी नक्षी उमटते.

वर्गात दाखवायचं असेल तर फुटका तुकडा घ्या. आधी आम्ल: १० टक्के हायड्रोक्लोरिक, पाण्यात आम्ल घालून केलेलं, आम्लात पाणी घालून नव्हे. थेंब टाकताच जोरात फसफसलं तर कॅल्साइट. नुसतं न फसफसता चाकूने खरवडलेली भुकटी फसफसली तर डोलोमाइट, म्हणजे कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचं कार्बोनेट, असण्याची शक्यता मोठी. व्हिनेगरने हे चालतं पण संथ, आणि तेही भुकटीवरच करा. बसवलेल्या फरशीवर काहीच टाकू नका, चट्टा पडतो. बाथरूमच्या ॲसिडने शहाबादी पांढरट पडते ती याच कारणाने.

आतली रचना बघायची तर पातळ काप लागतो, ३० मायक्रॉनचा, आणि तो शाळेत होत नाही. ॲसिटेटची साल, म्हणजे खडकाच्या पृष्ठाचा पातळ प्लास्टिकवर उतरवलेला ठसा, मात्र होते. तुकडा थरांना काटकोनात कापून घ्या. काचेवर ४०० आणि मग ८०० नंबरच्या कार्बोरंडमने (घासायच्या भुकटीने) ओला घासा, ओरखडा राहू देऊ नका. ५ टक्के आम्लात १५-२० सेकंद धरा, धुवा, वाळवा. कोरलेल्या पृष्ठाला बोट लावलंत तर तिथली नक्षी गेली. पृष्ठ आडवं ठेवून ॲसिटोनने भिजवा आणि ॲसिटेटचा कागद एका कडेपासून लोळवत टेकवा. वरून दाबलात तर बुडबुडे अडकतात. अर्ध्या तासाने सोलून दोन काचांत धरा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या बऱ्याच शीट पॉलिएस्टरच्या असतात, त्या ॲसिटोनने मऊ होत नाहीत आणि साल उतरत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको.

सालीवर बारीक जाळीदार पेशींच्या रांगा दिसल्या तर कोरलाइन. चकतीच्या आकाराची, आता स्फटिकांनी भरलेली पोकळी आणि तिच्या कडेला बारीक नळ्या, तर हॅलिमिडा. नुसते पापुद्रे असतील तर घाई करू नका. गुहेतला चुना आणि मातीतले थरही पापुद्र्यांचेच असतात. पापुद्रा घुमटाच्या माथ्यावर किती जाड आहे ते बघा. नुसता वरून पडलेला गाळ माथ्यावर पातळ आणि खोलगटात जाड बसतो. माथ्यावर तितकाच किंवा जास्त जाड असेल, आणि उभ्या उतारावर वाळूचे कण चिकटलेले असतील, तर चिकट जिवंत थराची शक्यता धरायला हरकत नाही.

उरला कार्बन. १०० किलो चुनखडकात ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो, त्यामुळे कल्पना मोहात पाडणारी आहे. पण वरची अभिक्रिया आठवा: दोन बायकार्बोनेटमधला एकच कार्बन दगडात जातो, दुसरा सुटतो. आजच्या समुद्रात सुटलेल्यातला काही भाग पाणी पुन्हा सामावून घेतं. तरी चुन्याच्या प्रत्येक रेणूमागे सुमारे ०.६ रेणू कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. म्हणजे अल्पकाळात चुना घालणारं शैवाल त्या कामापुरतं कार्बन सोडतं. ओढतं ते प्रकाशसंश्लेषणाने, आणि त्यातला बहुतेक सेंद्रिय भाग कुजून परत जातो. पाण्याचं प्रमाणही बघा. लिटरभर समुद्राच्या पाण्यातून, ते पूर्ण पिळलं तरी, ०.१ ग्रॅमच्या आसपासच चुना निघेल. किलोभर चुन्याला १०,००० लिटरचा अख्खा टँकर.

भूगर्भीय काळात हिशेब पालटतो, पण तोही कॅल्शिअम कुठून आलं यावर. दख्खनच्या बेसॉल्टसारखा सिलिकेट खडक हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आम्लधर्मी झालेल्या पावसाने झिजतो, कॅल्शिअम आणि बायकार्बोनेट कृष्णा-गोदावरीतून समुद्रात जातं आणि तिथे त्याचा चुना होतो, तेव्हा हवेतला कार्बन खरोखर कमी होतो. कॅल्शिअम जुना चुनखडक विरघळून आलं असेल तर बेरीज-वजाबाकी शून्य. तेव्हा टाक्यांत शैवाल वाढवून दगड करण्याची एखादी योजना कोणी समोर ठेवली तर आधी विचारा, कॅल्शिअम कशातून घेणार? भाजलेला चुना वापरणार असतील तर तो भट्टीत भाजतानाच १०० किलो खडकामागे ते ४४ किलो हवेत गेलेले असतात, इंधनाचा धूर वेगळा.